फाइल छपाईसाठी तयार करूनच ग्राहकाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत भागातली किती तरी माणसं आता पेनड्राइव्ह खिशात घालून छपाईवाल्यांच्या दारात येतील. त्यातल्या बऱ्याच जणांना ‘फॉन्ट नाही’, ‘अक्षरं मोडली’, ‘ज्यानं केलं त्याच्याकडूनच नीट करून आणा’ असं ऐकून परत जावं लागेल. हा त्रास सहज टाळता येतो, म्हणून हे पत्र.

मी परभणीत पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं काम करते. हल्ली आमच्याकडचं जवळपास सगळं डिझाइन कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि ते करणारी मुलं हुशार आहेत. पण स्क्रीनवर छान दिसलं म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटतं. खरं काम त्यानंतर उरतं. दुसऱ्याच्या संगणकावरून, दुसऱ्याच्या लेझर प्रिंटरवर ती फाइल जशीच्या तशी निघाली पाहिजे.

मराठीत हे जास्त अवघड आहे. श्री-लिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकचे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो निदान लगेच कळतो. मिळताजुळता दुसरा फॉन्ट लागला तर मात्र बाकी सगळं बरोबर दिसतं, फक्त एखादा रफार सरकतो किंवा जोडाक्षराचा अर्धा भाग गळतो. गेल्या हंगामात जिंतूर तालुक्यातले एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले होते. डिझाइन पुण्यातल्या भाच्याने केलेलं. व्याह्यांचं आडनाव सूर्यवंशी, आणि फाइल उघडली तर त्यातला रफार गायब. भाचा कंपनीत रात्रपाळीला, फोन लागेना. त्या माणसाने पत्रिका वाचून पाहिली होती, पण मोबाइलवर आलेल्या फोटोत. तिथे सगळं ठीक होतं. त्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, तरी व्याह्यांपुढे मान खाली घालायची वेळ त्याच्यावरच आली असती.

यावरचा उपाय जुनाच आहे. काम पक्कं झालं की मूळ फाइलची एक प्रत जपून ठेवायची आणि दुसऱ्या प्रतीत सगळा मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबायचं, की अक्षरांचे कर्व्ह होतात, म्हणजे ती नुसती रेषांची चित्रं बनतात. मग फॉन्ट असो वा नसो, आकार तोच राहतो. पण इथेही घाई नडते. पॉवरक्लिपच्या, म्हणजे एखाद्या आकाराच्या चौकटीच्या, आत टाकलेला मजकूर बाहेरून निवडला जात नाही, तो तसाच राहतो. गणपतीच्या चौकटीत बसवलेली ‘श्री गणेशाय नमः’ ही ओळ हमखास इथेच मोडते. म्हणून शेवटी फाइल मेनूतून डॉक्युमेंटची माहिती उघडून पाहावी. फॉन्टच्या यादीत एकही नाव उरलं नाही, की फाइल बाहेर द्यायला हरकत नाही.

आमच्या भागात उर्दू पत्रिकाही भरपूर निघतात. तो मजकूर इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतात, तिथून ईपीएस प्रकारची फाइल काढतात आणि कोरलमध्ये आणताना कर्व्ह करूनच घेतात. त्यामुळे त्या पत्रिकांत अक्षर मोडल्याची तक्रार माझ्याकडे क्वचितच येते. उर्दूवाल्यांच्या हाताला जी सवय लागली, ती मराठीवाल्यांनाही लागू शकते.

फॉन्टनंतर प्रश्न येतो रंगाचा. साधी लग्नपत्रिका आजही स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. त्यासाठी लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरची काळी प्रिंट काढून तिच्यावरून स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, तयार करतात. छपाईची शाई हळदी रंगाची असली तरी ट्रेसिंगवर ती नक्षी शंभर टक्के काळीच हवी. फाइलमध्ये ती पिवळीच ठेवली तर काळा-पांढरा लेझर प्रिंटर तिची फिकट ठिपक्यांची जाळी काढतो, आणि ते ठिपके स्क्रीनवर धड उतरत नाहीत. रेघांचंही तेच. कोरलमधली ‘हेअरलाइन’ प्रिंटरला जमेल तितकी बारीक निघते. 600 डीपीआयच्या (इंचाला 600 ठिपक्यांच्या) प्रिंटरवर एक ठिपका जेमतेम 0.04 मिलिमीटरचा असतो. एवढी रेघ कागदावर दिसते, पण स्क्रीनवर राहत नाही. रेघेला नेमकी जाडी द्यायला क्षणभर लागतो.

रंगीत लेझरवर उलटी गंमत होते. बचत गटाच्या बायका मसाल्याची, पापडाची लेबलं करून घेतात. त्यावरचा घटकांचा मजकूर अगदी बारीक असतो. तो आरजीबीमधल्या (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीतल्या) काळ्यात ठेवला तर प्रिंटर तो काळा चार टोनर, म्हणजे शाईच्या चार पुडी, मिसळून करू शकतो. रंग केसभर जरी हलले, तरी अक्षरांना लाल-निळी कड येते आणि वाचता येत नाही. बारीक मजकुराला सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची पद्धत) घेऊन फक्त काळा शंभर टक्के द्यावा, बाकी तिन्ही रंग शून्य.

फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की तो दाबून लहान होतो. ए-4 आकारासाठी 300 डीपीआयने 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, तेवढे त्यात उरत नाहीत. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि पीडीएफ छापताना ‘फिट’ऐवजी ‘ॲक्च्युअल साइज’ घ्यावं, नाहीतर माप दोन-चार टक्क्यांनी आखडतं आणि लेबल डब्यावर बसत नाही.

हे सगळं करून शेवटी पीडीएफ काढली, की ती कुठल्याही दुकानात छापता येते. कोरलच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, पीडीएफला ती अडचण येत नाही. 2008 साली पीडीएफ हे आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं, मानक झालं आहे, मग नुसती सीडीआर (कोरलची मूळ) फाइल हातावर टेकवण्यात अर्थ काय? काही ठिकाणी गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं म्हणून मुद्दाम पीडीएफ देत नाहीत. मला हे पटत नाही. डिझाइनचे पैसे माणसाने मोजले आहेत, छापता येईल अशी प्रत हा त्याचा हक्क आहे.

डीटीपीचे वर्ग आता तालुक्याच्या गावांतही आहेत. तिथे सावल्या, ग्रेडियंट, चमकणारी अक्षरं शिकवतात. माझी विनंती आहे की प्रत्येक मुलाला स्वतःचं डिझाइन दुसऱ्या संगणकावर नेऊन लेझर प्रिंटरवर काढायला लावा आणि मगच प्रमाणपत्र द्या. ग्राहकांनीही पैसे देताना कर्व्ह केलेली पीडीएफ मागून घ्यावी, शक्य असेल तर तिचीच एक साधी काळी प्रिंट जागेवर काढून घरच्या दोघांकडून वाचून घ्यावी. आपल्या दैनिकाने लग्नसराईच्या पुरवणीत यासाठी अर्धा रकाना दिला, तर तो मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, परभणी