फक्त चालणे पुरेसे नाही

संपादक महोदय,
ज्येष्ठांना ‘रोज चाला’ एवढेच सांगितले जाते. वयानुसार पायांची ताकद घटते, पण ती झटकन वापरण्याची क्षमता त्याहून लवकर घटते, आणि अडखळल्यावर तोल सावरायला नेमकी तीच लागते. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात मुळातच हालचाली मंदावतात, म्हणून तिथे तोटा दुहेरी.

घरी तपासून पाहा. सुमारे ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घेऊन जमेल तितक्या लवकर ५ वेळा उठा-बसा. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेसाठीच्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर डॉक्टरांना सांगावे.

व्यायामही हाच: उठताना जमेल तितके झपकन, बसताना ३ सेकंद घेत. ८ वेळा, २ फेऱ्या, आठवड्यातून २-३ दिवस. बहुतेकांची चूक पावलांत होते. ती गुडघ्यांच्या पुढे राहिली की शरीर मागे ओढले जाते. टाचा किंचित मागे घ्या, आधी पुढे झुका, मग उठा. श्वास रोखू नका. वेग मंदावला की थांबा. रखडत केलेल्या उठाबशांनी ताकद झटकन वापरण्याची क्षमता फारशी वाढत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांनी त्या आजाराच्या गोळीचा अंमल असतानाच, शेजारी कुणाला उभे करून करावे. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी रक्तदाब तपासून घ्यावा.

– एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक