तिसऱ्या फेरीच्या वळणावरच्या सुभेदार मामांना

सुभेदार मामा, सादर नमस्कार.

तुमच्या मैदानावर तयारी करून फौजेत भरती झालेल्या पोरांचे सत्कार होतात, हलगी वाजते, चौकात फलक लागतात. ती पोरं तुमचे आभार मानतातच. हे पत्र यादीत नाव न आलेल्यांकडून आहे, आणि ते चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

भरतीच्या १६०० मीटरमध्ये ४०० च्या चार फेऱ्या. पहिली अंगातल्या रगेवर निघते, दुसरी तिच्याच जोरावर. चौथीत शेवट दिसतो म्हणून पाय उचलतात. वेळ जातो तो तिसरीत. बघायला आलेले सगळे शेवटच्या रेषेवर जमायचे आणि तुम्ही एकटे, शिट्टी घेऊन, तिसऱ्या फेरीच्या वळणावर. "हितं कोण बघत नसतंय, हितंच माणूस कळतंय," एवढंच म्हणायचात. पहिला कोण आला हे तुमच्या वहीत कधी नसायचं. ज्याच्या त्याच्या नावापुढे तिसऱ्या फेरीचा आजचा वेळ, शेजारी त्याचाच कालचा.

मराठा लाइट इन्फंट्रीचं ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस'. बेळगावात सेंटर असल्यामुळे आम्हाला ते पाठ होतं. कर्तव्य पहिलं का, हे मात्र तुम्ही सांगितलेल्या, याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांच्या हकिकतीतून उमगलं. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. समोरून मशीनगनचा मारा, सोबतचे बहुतेक पडलेले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत जाऊन मशीनगनची ठाणी मोडली. हाताला जखम होऊन टॉमीगन धरवेना, तेव्हा ग्रेनेड फेकले. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही पोरं त्या गर्जनेवरच खूश. तुम्ही विचारलंत, "त्या दोघांस्नी पाठीवर घेतल्यावर जिंकणार हाय का न्हाई, त्यास्नी म्हाईत होतं काय?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. मला तर तो प्रश्न आजही पुरतो आहे.

यादी लागली त्या संध्याकाळी तुम्ही आधी आमच्याकडे आलात. निवड झालेल्यांच्या घरी पेढे वाटणं चाललं होतं, तिथं तुमची वाट बघत होते. आईनं चहा ठेवला. तुम्ही धीराच्या गोष्टी केल्या नाहीत, वही उघडून माझं पान वडिलांना दाखवलंत आणि म्हणालात, "पोरानं आपलं काम केलंय. जागा किती काढायच्या ते त्याच्या हातात नव्हतं. उद्या मैदानावर धाडा." वडील त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत होते. त्या रात्री घरात मला कोणी टाकून बोललं नाही, हे तुमचं केवढं मोठं उपकार!

पुढं वीज खात्याची जाहिरात तुम्हीच आणून दिलीत. खांबावर चढायची परीक्षा असते म्हणून बीमवरच्या पुल-अप्स सुटू दिल्या नाहीत. कन्नड कच्चं होतं, तर तुमच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्याकडे बसवलंत. मराठी शाळेतल्या पोराला कन्नड वाचायला बसवताना तुम्हाला अवघड वाटलं नाही, मलाही वाटू दिलं नाहीत.

आता मी लाईनमन आहे. कणकुंबीकडे आषाढात पाऊस लागला की झाडं तारांवर पडतात, चिखलात जीप जात नाही, शिडी खांद्यावर घेऊन चालावं लागतं. लाईट आली की लोक घरात जातात, त्यांना तरी काय माहीत खांबावर कोण होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या वळणावर पळलेल्याला ती सवय असते.

एक विनंती. लष्करी पोलिसात २०१९ पासून मुली घेतायत, माझ्या भाचीला तिकडे जायचंय. सोमवारपासून तिला पाठवतो. तुम्ही फी घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून मैदानाच्या वळणावर दिवा बसवावा असा अर्ज मी पंचायतीत दिलाय. मंजूर झाला की खांबावर मीच चढणार.

तुमच्या मैदानावरचा एक पोरगा,
खानापूर तालुका