न्यूपोर्टच्या बंदरात, कमरेइतक्या पाण्यात

प्रिय मित्रा,

हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून खाऱ्या पाण्यात मासे गरवतात तरी कसं, असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुला कोणीतरी हाक मारली. जूनमध्ये तिकडे होड्या वर काढल्या की तू इकडे कॅलिफोर्नियाला लेकीकडे येणार आहेस. त्याआधी सगळं नीट कळावं, म्हणून हे पत्र.

फ्लोट ट्यूब ही 'यू' आकाराची. दोन्ही अंगांना हवेच्या वेगळ्या पिशव्या असतात, एक फुटली तरी दुसरी तुला तरंगत ठेवते. मधे बैठक, पाठीला टेकू आणि पुढ्यात जाळीचं कापड. त्यावर मासा मोजायची पट्टी छापलेली असते. अंगात वेडर्स, म्हणजे पाणी आत न शिरणारी छातीपर्यंतची विजार, आणि पायात पोहणारे घालतात तसे वल्ह्यासारखे फिन्स. कंबरेखालचा सगळा माणूस पाण्यात. वल्हं नाही, इंजिन नाही. पाय मारले की ट्यूब पाठमोरी सरकते, त्यामुळे सारखी मान वळवून मागे बघावं लागतं. पण दोन्ही हात मोकळे! कर्लीच्या खाडीत एक हात वल्ह्यावर आणि एक तंगुसावर, गळाच्या दोरीवर, ठेवून आपण कसं गरवायचो, आठवतंय ना? इथे गळ टाकतानाही पायांनी जागा धरून ठेवता येते. मला याचं सगळ्यात मोठं सुख तेच वाटतं.

पायांचा जोर मात्र थोडाच. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीपुढे तो चालत नाही, म्हणून भरती-ओहोटी बघितल्याशिवाय मी पाण्यात उतरतच नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा तुझ्या आजोबांचा हिशोब इथे जुळत नाही, प्रत्येक बंदराची वेळ निराळी. पण उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती तीच, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे जाते तीही तशीच. जूनमधल्या उधाणाला इथली पहाटेची ओहोटी फार खाली जाते आणि मग जवळजवळ दुपारपर्यंत पाणी आत येत राहतं. आपल्याला हेच हवं. पाणी आपल्याला बंदराच्या तोंडाकडे नेत नाही, आत ढकलतं. शिवाय जूनच्या सकाळी इथे मळभ असतं, ऊन लागत नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाण्यातून बाहेर.

आपण बाल्बोआ बेटाच्या आसपास उतरू. तिथे 1919 पासून चालणारी छोटी फेरी आहे, एका वेळी तीन मोटारी नेते. तिच्या वाटेत जायचं नाही, यॉटच्या मुख्य वाटेतही नाही. बंदरात बोटींना ताशी 5 मैलांची मर्यादा आहे, तरी पाण्यालगत बसलेला माणूस उंचावरून पटकन दिसत नाही. लाइफ जॅकेट घालायचंच, यावर मी तुझं काही ऐकणार नाही. हायवेच्या पुलाच्या आतल्या बाजूला, अप्पर न्यूपोर्ट बेमध्ये, राखीव क्षेत्र आहे. तिथे फक्त काठावरून गळ टाकता येतो, ट्यूबमधून नाही.

आपला मासा म्हणजे स्पॉटेड बे बास, आपल्या गोबऱ्याचा दूरचा नातलग. तळाला समुद्री गवताची कुरणं आहेत. त्यांच्या कडेला आणि धक्क्यांच्या खांबांच्या सावलीत तो दबा धरून बसतो. शिशाचं डोकं असलेल्या गरीला रबरी आमिष लावायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि सावकाश ओढायचं. आधी गरी गवतात अडकल्यासारखी जड लागते. मग काठीचं टोक एकदम खाली जातं आणि मासा थेट गवताकडे धाव घेतो. मोठा असेल तर ट्यूबच फिरते, तुझं तोंड आपोआप त्याच्याकडे होतं! पाण्याच्या बाहेर बसून हे कळत नाही. तो जवळ आला की तपकिरी अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत बारीक काळपट ठिपके दिसतात, हनुवटीखाली पिवळसर झाक. हात ओला करून खालचा ओठ धरायचा, पक्कडीने गरी काढायची.

आणि सोडून द्यायचा. तू म्हणशील, एवढं करून कालवण नाही? ऐक. हा मासा खाड्या-बंदरांतच वाढतो, एका बंदरातला दुसरीकडे फारसा जात नाही. इथले संपले तर बाहेरून येऊन कोण भरणार? 2013 मध्ये नेता येणाऱ्या माशाची किमान लांबी 12 इंचांवरून 14 इंच केली आणि दिवसाची मर्यादा 10 वरून 5 वर आणली. मला ते अगदी योग्य वाटतं. कायद्याने 5 नेता येतात, मी एकही नेत नाही. भाकसासारखा चपटा हॅलिबट 22 इंचांच्या वर मिळाला तर मात्र तव्यावर घालू. शब्द देतो.

धोका आहे तो पाकटाचा. इथली गोल पाकटं लहान, पण उथळ वाळूत दबून बसतात आणि शेपटीचा काटा वेडर्समधून आरपार जातो. म्हणून पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. फिन्स घालून उलटं चालताना पाय तसेही घासतच जातात. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, इथले लाइफगार्डही तेच करतात.

घरी आल्यावर तासभर काम असतं. ट्यूब, फिन्स, रीळ सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ ट्यूबच्या चेनमध्ये बसून ती कायमची अडकते. थंड पाण्यातून काढलेली ट्यूब उन्हात ठेवण्याआधी थोडी हवा सोडायची, कारण आतली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते.

परवान्याची काळजी नको. एक-दोन दिवसांचाही मिळतो, मी काढून ठेवीन. दुसरी ट्यूब माझ्याकडे आहेच, वेडर्स तुला माझे होतील. फिन्स मात्र पायाला नीट बसायला हवेत, नाहीतर पोटऱ्या भरून येतात. तेवढं बुटाचं माप आठवणीने कळव.

तुझा,
सुरेश