बोटांना सापडतील अशी बटणे हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईचे वय ७६ आहे आणि काचबिंदूमुळे तिची नजर जवळजवळ गेली आहे. तरीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत सकाळचा चहा आणि स्वतःपुरता भात ती कोणाच्याही मदतीशिवाय करत असे. गॅसचे बटण आत दाबून डावीकडे वळवले की आधी मोठी आच येते आणि आणखी वळवत नेले की ती मंद होते, हे तिच्या मनगटाला पाठ होते. बटणाचे टोक कोणत्या दिशेला आहे ते चाचपून शेगडी बंद असल्याची खात्रीही ती करून घेई. उघड्या ज्वाळेला पदर लागेल या भीतीने आम्ही भावंडांनी तिला इंडक्शनची शेगडी आणून दिली आणि त्या दिवसापासून तिचा स्वयंपाक थांबला.

त्या शेगडीवर हाताला लागेल असे काहीच नाही. चालू-बंद, कमी, जास्त, वेळ, लॉक हे सारे एकाच गुळगुळीत काचेखाली एका ओळीत आहे. उठावाच्या बटणावर बोट आधी जागा शोधते आणि मग दाबते. काचेखालची ही बटणे मात्र बोटाच्या नुसत्या स्पर्शाने विद्युत्धारितेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल टिपून चालतात, त्यामुळे तिथे शोधणे म्हणजेच दाबणे होऊन बसते. आई 'चालू'ची जागा चाचपायला जाते आणि वाटेतच दोन-तीन नको असलेली बटणे दाबली जातात. आच वाढली, घटली किंवा लॉक लागले, तरी आवाज एकच येतो. दूध उतू जाऊन काचेवर ओघळले किंवा ओले बोट लागले की शेगडी भलतेच काही करते, नाहीतर काहीच करत नाही. हा त्रास तर डोळसांनाही रोजचा आहे. आम्ही काचेवर टिकल्या चिकटवून पाहिल्या. बटणावरच लावली तर टिकली चाचपताच बटण दाबले जाते, म्हणून त्या बटणांच्या बोटभर खाली लावल्या, तर दोन दिवसांत पुसण्याबरोबर निघून आल्या.

धुलाई यंत्राची तऱ्हा वेगळी नाही. जुन्या यंत्राच्या खुंटीला सुरुवात होती आणि शेवट होता, त्यामुळे खटके मोजून हवे तिथे थांबता येत असे. नव्या यंत्राची खुंटी अखंड गोल फिरते आणि आपण कुठे आहोत हे फक्त शेजारचा दिवा सांगतो. कंपनीच्या मदत केंद्राला विचारले तेव्हा मोबाइलवर अ‍ॅप घेण्याचा सल्ला मिळाला. ते अ‍ॅप उघडून फोनची वाचून दाखवण्याची सोय सुरू केली, तर निम्म्या बटणांना नावेच दिलेली नाहीत असे आढळले. वीज वाचवणाऱ्या नव्या पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही हे मान्य आहे, पण त्यांच्या रिमोटवरील सगळी बटणे एकाच आकाराची आणि एकाच उंचीची ठेवण्याचे कारण मला कोणी सांगू शकलेले नाही.

हे काम अवघड असते तर मी हे पत्र लिहिले नसते. बटणांच्या फोनवर ५ या आकड्यावर एक उंचवटा असतो, संगणकाच्या इंग्रजी कळफलकावर एफ आणि जे या कळांवर बारीक रेघ असते, आणि आपल्या ५०० रुपयांच्या नोटेवर दृष्टिहीनांसाठी उठावाचे वर्तुळ व दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा छापलेल्या असतात. शेगडी बंद करण्याचे एक खरेखुरे, दाबले जाणारे बटण आणि आच वाढताना व कमी होताना वेगवेगळा आवाज, एवढे झाले तरी आईला स्वयंपाकघरात परत जाता येईल. सध्या आम्ही गॅसची शेगडी माळ्यावरून पुन्हा खाली काढली आहे, आणि तिच्या पदराची काळजीही त्याबरोबर परत आली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ४३ नुसार, सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचे उत्पादन आणि वितरण वाढावे यासाठी उपाय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा या कायद्याखालील नियम १५ सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष आखण्यास सांगितले. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करता येते, फ्रिजवर वीजबचतीचे तारे छापायला लावता येतात, तर घरगुती विद्युत उपकरणांच्या मानकांत 'स्पर्शाने ओळखता येणारी बटणे' ही अटही घालता येईल. भारतीय मानक ब्युरोने ही अट ठरवताना मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांना आणि घरी एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांना चर्चेला बोलवावे. अट लागू होईपर्यंत निदान खोक्यावर तसा स्पष्ट उल्लेख छापणे बंधनकारक करावे, म्हणजे आमच्यासारख्यांना पैसे मोजण्याआधी निवड करता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा