सर, १५५८-६ बद्दल आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

दवाखान्यांचे आणि लॅबचे कंप्युटर एकमेकांशी बोलते करण्याच्या कामातून तुम्ही मोकळे झालात असं कळलं. निरोपाच्या कार्यक्रमाला मोठमोठ्या दवाखान्यांची माणसं असतील, त्या यादीत नागपूरच्या धंतोलीतली दोन खोल्यांची लॅब कुठून येणार? म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते स्वतःची शुगर तपासायला. रिपोर्ट हातात घेतला, खिशातून वर्षभरापूर्वीचा काढून शेजारी ठेवला. तोही आमचाच. एकावर ‘एफबीएस’, दुसऱ्यावर ‘शुगर (एफ)’. “मॅडम, तुम्हाला कळतं ही एकच तपासणी आहे. कंप्युटरला कसं कळावं?” खरं सांगते, राग आला होता. पंधरा वर्षं लॅब चालवतेय आणि हे गृहस्थ मला शुगर शिकवताहेत!

पण पुढचे चार रविवार तुम्ही आमच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून तपासण्यांची अख्खी यादी धुऊन काढलीत. उपाशीपोटीची शुगर १५५८-६, किडनीसाठीचं क्रिएटिनिन २१६०-०, तीन महिन्यांच्या शुगरचं एचबीएवनसी ४५४८-४. हे लॉइंक कोड, म्हणजे कुठल्याही कंप्युटरला कळावा असा प्रत्येक तपासणीचा ठरलेला नंबर, १९९४ पासून अमेरिकेतल्या इंडियानात तयार होताहेत आणि फुकट मिळतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. युनिटवरून तर तुम्ही आम्हाला फारच पिडलंत. मग परदेशात नोकरी करून आलेले एक काका जुना रिपोर्ट घेऊन आले. क्रिएटिनिन १०६! रिसेप्शनवरच्या मुलीने डोक्यालाच हात लावला. मी युनिट बघितलं, मायक्रोमोल. आपल्या मिलिग्रॅमसाठी ८८.४ ने भागलं, आले १.२. काका तोवर डायलिसिसचा खर्च विचारू लागले होते.

चहा पिताना तुमचं आयुष्य तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. सुरुवातीला लॅबच्या मशीनच्या वायरी जोडणं, मग एचएल-सेव्हन या दवाखान्यांच्या कंप्युटरांमधल्या ठरलेल्या भाषेतल्या संदेशांच्या उभ्या दांड्या रात्रभर मोजणं, कारण एक दांडी चुकली की जन्मतारीख भलत्याच खान्यात. २००९ च्या कायद्यानंतर अमेरिकेत दवाखान्यांनी सरकारी पैशातून कंप्युटर घेतले, तरी एकमेकांना कागद मात्र फॅक्सनेच पाठवत राहिले, हे तुम्ही हसत सांगायचात. नंतर ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी मांडलेलं ‘फायर’ आलं, आरोग्याची माहिती कंप्युटरांमध्ये देण्याघेण्याची नवी पद्धत. (आमच्या आईला वाटलं, तुम्ही अग्निशमन दलात होतात.)

तुम्ही परदेशातून परत आलात तेव्हा इथेही वारं फिरलं होतं. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि लोक आपले रिपोर्ट जोडायचा १४ आकडी आभा नंबर घेऊन येऊ लागले. आमच्याकडे बालाघाट, गडचिरोली, यवतमाळहून माणसं येतात, हातात रिपोर्टांची पन्नी. पन्नी एसटीत राहिली की सगळ्या तपासण्या पुन्हा. आम्हा लॅबवाल्यांचा त्यात फायदाच, हे लपवून काय करू? आमच्या ह्यांनी तुम्हाला तोंडावर विचारलंही, “रिपोर्ट बाहेर वाचता आला तर पेशंट परत कशाला येईल?” तुम्ही म्हणालात, “रक्त त्यांचं आहे ना बाप्पा, तुमची फक्त सुई.”

त्यावर हे गप्प झाले, मी मात्र अजून त्याच वाक्यावर आहे. या मिशनमध्ये रिपोर्ट राहतो आमच्याच कंप्युटरमध्ये. दुसऱ्या डॉक्टरने मागितला की पेशंटच्या मोबाइलवर विचारणा जाते. कुठले रिपोर्ट, किती दिवसांसाठी, ते पेशंटच ठरवतो, नंतर परवानगी मागेही घेतो. मध्ये परवानगीची ने-आण करणाऱ्या यंत्रणेला ते रिपोर्ट उघडता येत नाहीत. हे तुम्ही आमच्या रिसेप्शनच्या मुलीला इतकं घोटून शिकवलंत, की परवा एका जावयाने सासूबाईंच्या फोनवरचा ओटीपी परस्पर सांगायला सुरुवात केली तर तिने त्याला थांबवलं. “आजींना आधी विचारू द्या.” आजींनी शुगरचा द्या म्हटलं, बाकीचे नको. जावई जरा फुगले.

सगळंच जमलेलं नाही. कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचे, रिपोर्ट अजून नुसते पीडीएफ म्हणून जातात. त्यातले जंतू आणि औषधं ओळीओळीने कशी पाठवायची, तिथे गाडं अडलंय. एखाद्या रविवारी वेळ असेल तर या. स्टूल तिथेच आहे. येताना उपाशी या, १५५८-६ करून टाकू. तर्री-पोहे नंतर.

आपली,
धंतोलीची लॅबवाली