घरची गाडी आणि दादाच्या मोटारसायकली

चाकण

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीचा विषय फोनवर सुरू झाला की बाबा, तुम्ही आकडा विचारता, आई मध्येच जेवलीस का विचारते आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दादालाही वाचून दाखवा, कारण अर्धी गोष्ट त्याच्या गॅरेजची आहे.

तुमचं म्हणणं मला समजलं आहे. बोलेरो घ्यायची, फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून मागे लोखंडी स्टँड करून घ्यायचा आणि कोणाची मोटारसायकल वावरात बंद पडली की त्यावर टाकून गॅरेजला आणायची. आईला सेवाग्रामला दवाखान्यात न्यायलाही तीच गाडी. “एकाच गाडीत दोन्ही कामं झाली पायजे.” आपल्या घरात कुठलीही वस्तू एका कामासाठी कधी आली नाही, त्यामुळे तुम्ही असाच विचार करणार हे मला माहीत आहे. पण गेले काही महिने मी सुट्टीच्या दिवशी शोरूममध्ये टेप घेऊन फिरते आहे, कारखान्यात सोबत काम करणाऱ्यांना विचारते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. घरची गाडी माणसांसाठी घ्यावी. मोटारसायकली आणायला दादाला जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, घेऊन द्यावा.

आधी मागच्या स्टँडबद्दल. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते. स्टँड तिच्याही मागे न्यावा लागेल, म्हणजे मोटारसायकलचं वजन मागच्या चाकांच्या आसापासून निदान सव्वा मीटर बाहेर लटकणार. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या आसांत २६८० मिमी अंतर आहे. बुलेट साडेतीनशे १९५ किलोची. हिशेब केला तर मागे एवढं टांगल्यावर पुढच्या चाकांवरचं नव्वदेक किलो वजन उचललं जातं, त्यात स्टँडचं लोखंड वेगळं. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, तिनेही पन्नासेक किलो उचललं जाईल. बंडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचलतं आणि बैलांची पकड सुटते, तसंच हे आहे. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हातात राहत नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचा जो भार पुढे यायला हवा, तो पुरता येत नाही. वडकीच्या महामार्गावर ट्रकांच्या मध्ये तुम्ही अशी गाडी चालवता आहात, हे चित्र मला सहन होत नाही.

त्यातून मागचे दिवे आणि नंबर झाकले जाणार. दारही उघडणार नाही, म्हणजे आईची पिशवी काढायलासुद्धा आधी मोटारसायकल उतरवा. कायद्याचंही सांगते. कंपनीने दिलेल्या गाडीच्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ठरलेल्या मर्यादेपेक्षा माल गाडीच्या बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. समोर रोही (नीलगाय) येतो म्हणून तुम्हाला जो लोखंडी गार्ड बसवायचा आहे, त्यावरही डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली. गार्डमुळे धडकेचा जोर थेट गाडीच्या सांगाड्यात जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. रोह्यांची तुमची भीती खरी आहे. त्याला उपाय एकच, दिवस मावळल्यावर हळू चालवणं.

दादा म्हणाला, मागच्या सीटा काढून आतच टाकू. स्प्लेंडर बरोबर दोन मीटर लांब आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीत पुढच्या सीटा जागेवर ठेवून मागे सलग दोन मीटर जागा उरत नाही. आणि समजा कशीबशी आडवी घातली, तर टाकीतून पेट्रोल झिरपणार, बॅटरी सांडणार. त्याच सीटवर दुसऱ्या दिवशी आई बसणार. हे मला नको आहे.

मग उरते दोन रांगा सीट आणि मागे हौदा असलेली पिकअप. दादाच्या मोबाइलमध्ये जिचे व्हिडिओ आहेत ती इसुझूची व्ही-क्रॉस मी इथे नीट पाहिली. गाडी दमदार आहे, १६३ पीएस ताकद, आत पाच माणसं मोकळी बसतात. पण ती जवळजवळ ५.३ मीटर लांब आहे. आपल्या गल्लीत मारुतीच्या पाराजवळ ती एका दमात वळणार नाही. एवढी लांब असूनही हौदा साधारण पाच फुटांचाच, कारण बाकीची लांबी सीटांनी खाल्ली. साडेसहा फुटांची स्प्लेंडर घातली तर मागचं फळकं उघडंच ठेवावं लागतं. टोयोटाची हायलक्स त्याहून महाग. दोन्ही वीस लाखांच्या बऱ्याच पुढे जातात. बोलेरो कॅम्पर पैशात बसते, एक टन ओझं नेते, पण तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या त्या एका टनासाठी बनवलेल्या आहेत. रिकामी असली की प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला मागच्या सरळ पाठीच्या बाकड्यावर बसवून हिंगणघाटवरून सेवाग्रामला न्यायचं आणि तसंच परत आणायचं, याला मी तयार नाही.

हे सगळं एकवेळ सोडून देऊ. माझं खरं कारण वेगळं आहे. एकच गाडी असेल तर ती कामावर असणार. रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं आणि गाडी तिकडे कोणाच्या धुऱ्यावर मोटारसायकल भरत उभी असली, किंवा दारात असली तरी मागे कोणाची तरी गाडी बांधलेली असली, तर? सोडायला, उतरवायला अर्धा तास. मी इथून रात्री निघाले तरी पोचायला सकाळ होते, समृद्धी झाला तरीही. त्या अर्ध्या तासाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. घरची गाडी रिकामी, दारात, तोंड रस्त्याकडे करून उभी असावी, एवढंच मला हवं आहे.

आणि बाबा, दुसरं एक. बंद पडलेली गाडी आणताना दादा मागून चालू गाडीवरून तिच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलतो आणि बंद गाडीच्या हँडलला तुम्ही बसता. आईने सांगितलं मला. रात्री, दिवा नसलेल्या गाडीवर, या वयात. हे थांबवण्यासाठी तरी छोटा हत्ती आला पाहिजे आणि त्यातली माझी रक्कम मी आधी पाठवते, घरच्या गाडीच्याही आधी.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब असतो. स्प्लेंडर पुरी आत बसते आणि फळकं बंद होतं. रुंदीत दोन मोटारसायकली उभ्या राहतात. चालवायला दादाचं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांबद्दल तसा निकाल दिला आहे. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असल्याने परमिटही लागत नाही. मात्र फिटनेस आणि विमा लागतो, म्हणून जुनी घेताना फिटनेसची मुदत आधी बघायची, रंग नंतर. चेसिसला गंज आहे का ते दादाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पावसाळ्यात मात्र तो पांदणीत घालू नका. लहान चाकं आहेत, काळ्या मातीत रुतून बसेल. मोटारसायकल डांबरी रस्त्यापर्यंत बंडीतूनच आणावी, आजवर आणतच आला आहात.

भरण्याबांधण्याचं दादाला थोडं सांगायचं आहे. आमच्याकडे कारखान्यात गाड्या ट्रकमध्ये चढतात ते रोज बघते, म्हणून. चढवायला फळी किमान सात फुटांची हवी, आखूड फळीवर मोटारसायकलचं पोट अडकतं. फळी हौद्याला साखळीने अडकवायची, नाहीतर चाक चढताना ती मागे सरकते. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवायचं, गियरमध्ये ठेवायची, पेट्रोलचा कॉक बंद. साइड स्टँडवर उभी करून दोरी बांधायची नाही. खड्ड्यात स्टँड वाकतो नाहीतर हौद्याचा पत्रा फाटतो. गाडी सरळ उभी धरून पुढे दोन रॅचेट पट्टे लावायचे, ते हँडलच्या टोकांना न बांधता खाली फोर्क जिथे धरलेला असतो त्या भागाला, आणि पुढचं सस्पेन्शन निम्मं दबेल इतपत ताणायचे. मागे दोन पट्टे. चार-पाच किलोमीटर गेल्यावर उतरून एकदा हात लावून बघायचं, पट्टे हमखास सैल होतात. सुतळीचा दोर वापरू नका. आणि हौद्यात मोटारसायकल धरायला माणूस बसवायचा नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी.

जुन्या राजदूत, येझदी तो लांबून आणतो त्यांच्यासाठी छोटा हत्ती पळवायची गरज नाही. रेल्वे पार्सलने मोटारसायकल येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी बुकाची प्रत लागते आणि पॅकिंग करून द्यावी लागते. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळे तिथून चालवत आणायचा विचार त्याने सोडून द्यावा.

आता घरची गाडी. माझा कल स्कॉर्पिओ-एनकडे आहे, खालच्या मॉडेलकडे, डिझेल, साधी मागच्या चाकांवर चालणारी. सनरूफ आणि मोठा पडदा आपल्या कामाचा नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, २०२२ मध्ये. तुम्हाला आवडते त्या बोलेरोच्याच घराण्यातली बोलेरो निओ २०२४ मध्ये एकाच ताऱ्यावर राहिली. तुम्ही म्हणाल, चार मीटरच्या आतली गाडी स्वस्त पडते, आणि ते बरोबर आहे. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि स्कॉर्पिओ-एनसारख्या लांब गाडीवर ४० टक्के. तो फरक मी मोजला आहे. तरी एका ताऱ्याच्या गाडीत तुम्हा दोघांना बसवायला माझं मन घेत नाही. शिवाय बोलेरोत मागे समोरासमोर आडवं बसावं लागतं. ताई मुलांना घेऊन आली की मुलं तिथेच बसणार. स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या सीटचं तोंड पुढे आहे. आणि दोन्ही गाड्या मिळून, म्हणजे ही आणि जुना छोटा हत्ती, व्ही-क्रॉसपेक्षा कमीत येतात.

एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. स्कॉर्पिओ-एन उंच आहे. आई, तुला गुडघा वाकवून चढावं लागेल. शोरूमवाले खुर्चीवर बसवून चहा देतात आणि गाडीभोवती फिरवतात, त्यावर जाऊ नकोस. तू लुगडं नेसून जा, घरात घालतेस तीच चप्पल घाल. मधल्या सीटवर तीनदा चढ आणि उतर, दोन्ही बाजूंनी, कोणी हात न धरता. पायरी बसवलेली गाडीच दाखवायला सांगा. वरच्या कडीला तुझा हात पोचतो का आणि उतरताना पाय आधी पायरीवर टेकतो का, ते दादाने बघावं. तिसऱ्या वेळी तुला दम लागला किंवा गुडघ्यात कळ आली, तर गाडी रद्द. बाबा, त्यात घासाघीस करू नका. मग एर्टिगा घेऊ. ती खाली आहे, पाठ टेकवून सरळ बसता येतं, आणि आता तिच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग येतात. गावाजवळच्या शेवटच्या तुकड्यात पावसाळ्यात ती थोडी घासेल, पण तेवढ्यापुरतं हळू जाता येईल. आईने नाही म्हटलेली गाडी मला कितीही आवडली तरी दारात नको.

मागच्या सीटवरही पट्टा लावायचा आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. पोटावर घट्ट होतो अशी तुझी तक्रार असते. तो पोटावर ठेवायचाच नाही, खाली कमरेच्या हाडावर ओढून घ्यायचा, म्हणजे दाबत नाही.

कापूस विकायची घाई करू नका. बाबा, गाडीसाठी म्हणून पडत्या भावात घालाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्याकडची रक्कम पहिल्या हप्त्याला पुरते, आणि पुढचे हप्ते मी आणि दादा वाटून घेऊ असं आमचं ठरलं आहे. शेतावर बोजा चढवायचा नाही.

दादाला सांगून फाटकाची आतली रुंदी मोजून कळवा. गाडीची रुंदी १९१७ मिमी आहे, आरसे धरले तर आणखी. गोठ्याशेजारच्या टिनाखाली ती राहते का तेही बघा, नाहीतर खांब एक हात सरकवावा लागेल. पोळा झाला की मी चार दिवस येते, तेव्हा यवतमाळला सगळेच जाऊ. तोवर वेल्डिंगवाल्याला काही सांगू नका.

तुमची,
छकुली