तुम्ही विचारलेल्या त्या प्रश्नासाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाबा आता न थांबता जिना चढतात. थकवा पुरता गेलेला नाही, पण तो सावकाश जातो हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून आम्ही धास्तावत नाही. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न आणखी घरांपर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं.

न्यूमोनिया आहे हे एक्स-रेवरून आधीच कळलं होतं. अँटिबायोटिक चालू होतं, तरी ताप हटत नव्हता, त्यात जुलाब सुरू झाले आणि बाबा असंबद्ध बोलू लागले. वयामुळे होतं असं, असंच जो तो म्हणत होता. तुम्ही फाइल चाळलीत आणि विचारलंत, "गेल्या दोन आठवड्यांत हे बाहेर कुठे मुक्कामाला होते का?" होते, एका हॉटेलात, बरेच दिवस बंद राहिलेल्या खोलीत. तुमचा पुढचा प्रश्न शॉवरबद्दल होता.

लघवी तपासायला गेली आणि निकालाची वाट न बघता तुम्ही औषध बदललंत. तुम्हाला संशय होता तो लेजिओनेलाचा. हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो, तिथे पेनिसिलिनच्या जातीची औषधं चालत नाहीत, अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन लागतं, हे तुम्ही उभ्याउभ्या सांगितलंत. बेडकाही पाठवलात. लघवीची तपासणी मुख्यतः एकच उपप्रकार पकडते, आणि पाण्यातला जंतू रुग्णातल्या जंतूशी जुळतो का, हे बेडक्यातून वाढवलेल्या जंतूवरूनच ठरवता येतं. बाबा बरे होण्यापलीकडचा विचार तुम्ही तेव्हाच करत होतात. त्याचं मोल मला फार वाटतं.

आई तोंडाला पदर लावून दाराशी उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, "हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यांचा हात धरून बसा." ती बसली.

मग कागदाच्या पाठीमागे तुम्ही शॉवरच्या जाळीचं चित्र काढलंत, आतून क्षार आणि बुळबुळीत थर. नदीतळ्यांत हा जंतू थोडाफार असतोच, तिथे सहसा त्रास होत नाही. पाइपात, टाकीत पाणी साचून २० ते ४५ अंशांच्या मध्ये कोमट राहिलं की त्या थरात, अमीबांच्या पोटात तो वाढतो. मग शॉवरचे, कारंज्याचे, मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात. ६० अंशांच्या वर तो तगत नाही. पाणी पिऊन हा आजार सहसा होत नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं तर होऊ शकतो. पन्नाशीपुढच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका जास्त, आणि बाबांच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी होत्या.

१९७६ची गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, त्यानंतर लोक आजारी पडत गेले आणि ३४ जण दगावले. 'अमेरिकन लीजन' या त्यांच्या संघटनेवरूनच आजाराला 'लीजनेअर्स डिसीज' हे नाव पडलं. जंतू सापडायला जानेवारी १९७७ उजाडला, कारण प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर तो वाढतच नव्हता. शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांनी नमुन्यांच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या, म्हणून तो हाती लागला. आपल्याला पटलेलं नाही ते तसंच सोडायचं नाही, ही वृत्ती मी तुमच्यातही पाहिली.

तुम्ही आरोग्य विभागाला कळवलंत, त्यांनी हॉटेलातल्या पाण्याचे नमुने घेतले, आणि त्या शॉवरमध्ये जंतू निघाला. टाकी साफ होऊन पाइप गरम पाण्याने धुतले जाईपर्यंत त्या खोल्या बंद होत्या. तिथे नंतर उतरलेल्या कुणालाही तुमचं नाव माहीत नसेल. त्यांच्या वतीनेही मी आभार मानते.

पुढच्या एक्स-रेला बाबांना घेऊन येतेच आहे. सिगारेट सोडलीय, हे तुम्हाला आवर्जून कळव म्हणालेत.

आपली,
तुमच्या एका रुग्णाची मुलगी